फोनमधली बयाज

परवा स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी विचारलं, "मॅडम, नोंदी ठेवायला कुठलं ॲप चांगलं?" त्यांनी नवा फोन घेतलाय. मी तोंड उघडायच्या आत तिघांनी तीन उत्तरं दिली. एकांना रंगीत चौकोन आवडतात. एकींना बोललेलं आपोआप टाईप होतं याचं कौतुक. तिसरे म्हणाले, "ॲप कशाला? व्हॉट्सॲपवर एकट्याचा ग्रुप काढा की!" माझं उत्तर जरा लांब होतं आणि घंटा झाली. म्हणून इथे लिहिते.

आमच्या नानांची एक बयाज होती. बयाज म्हणजे खासगी वही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पांढरेपणा. कोऱ्या पानांवरून तो वहीला लागला. शायरीचे शौकीन तिच्यात आवडलेले शेर उतरवून घेत, हकीम नुस्खे लिहीत. नानांच्या बयाजमध्ये शेर, खोकल्याचा काढा आणि कुणाला किती पैसे दिले, हे सगळं एकाच पानावर असायचं. मराठी घरात हिचीच बहीण म्हणजे बाड. अभंग, पदं, आरत्या, मध्येच एखादा हिशेब. आमच्या शिराळ्यात समर्थ रामदासांनी स्थापन केलेला मारुती आहे, तो सगळ्यांना ठाऊक. पण रामदासी मठांमधली बाडं जमवून धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवलीत, हे आमच्या मुलांना सांगावं लागतं. बाड लिहिणारा गेला, मठ ओस पडला, तरी पान उलटता येतं. त्यासाठी कुणा कंपनीची परवानगी लागत नाही.

मला हे उशिरा कळलं. अम्मी असताना मी तिचे शब्द फोनमध्ये टिपून ठेवत होते. आमच्या घरातली बोली दखनी, आणि दखनीत मराठी इतकी मुरलीय की वेगळी काढता येत नाही. आपल्या 'नको'चं 'नक्को' झालं. आपला 'च' तर जसाच्या तसा आला: 'मैंच बोली', 'येच होना'. लखनौच्या उर्दूत हा 'च' सापडायचा नाही. अम्मी स्वयंपाक करताना बोलायची आणि मी ओट्याशी उभी राहून टिपायची. साडेतीनशेच्या आसपास नोंदी झाल्या होत्या. फोनबरोबर जे ॲप आलं होतं, त्यातच.

पुढे फोन बदलला, कंपनीही बदलली. तेव्हा लक्षात आलं की या नोंदी एकगठ्ठा बाहेर काढायची सोयच मला सापडत नाही. एकेक नोंद उघडायची, कॉपी करायची, स्वतःला पाठवायची. रमजान चालू होता. सहरी झाली की फजरपर्यंत जेवढ्या होतील तेवढ्या काढायचे. दोनशेच्या वर काढल्या असतील, तेवढ्यात जुन्या फोनची बॅटरी फुगली आणि तो कायमचा बंद पडला. बाकीच्या गेल्या. अम्मी त्याच्या आधीच गेली होती.

चूक माझीही होती. घरात येताना दार किती सुंदर आहे ते पाहिलं, बाहेर पडायचं दार आहे का ते पाहिलंच नाही. त्यामुळे आता कुठल्याही ॲपबद्दल माझा पहिला प्रश्न असतो: माझं लिहिलेलं मला परत कसं मिळणार? आणि मिळालं तर ते साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असेल, की त्याच ॲपला कळणाऱ्या कुठल्या तरी गुप्त भाषेत?

मोठी नावं पाहून निर्धास्त होऊ नये. गूगलची 'नोटबुक' नावाची सेवा होती, ती 2012 मध्ये बंद झाली. त्यातल्या नोंदी गूगलने डॉक्समध्ये हलवून दिल्या, एवढं बरं. पुढच्याच वर्षी 'कीप' आलं, ते आजही चालू आहे. एव्हरनोट तर या धंद्यातलं जुनं नाव. एका इटालियन कंपनीने ते विकत घेतलं आणि डिसेंबर 2023 पासून फुकट वापरणाऱ्यांना फक्त 50 नोंदी आणि एक वही अशी मर्यादा घातली. जुन्या नोंदी कुणाच्या काढून घेतल्या नाहीत, हेही सांगायला हवं. पण एक्कावन्नावी नोंद करायची तर पैसे भरा. कंपनीने पैसे मागणं गैर नाही. आपली वही कुणाच्या दुकानात ठेवलीय आणि भाडं वाढलं तर ती उचलता येते का, एवढं मात्र आपल्याला माहीत असावं. कीपमधल्या नोंदी 'गूगल टेकआऊट'मधून एकदम उतरवता येतात. जॉप्लिन आणि ऑब्सिडियन या ॲपांत मजकूर मार्कडाऊन नावाच्या साध्या पद्धतीने लिहिला जातो, आणि अशी फाईल कुठल्याही संगणकावर उघडते.

आपण मराठी-उर्दूवाल्यांनी तर हे आधीच शिकायला हवं होतं. श्रीलिपीत टाईप केलेली जुनी स्मरणिका त्या फॉन्टशिवाय उघडून पाहा. मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. उर्दूत इनपेजच्या जुन्या फाईलींची तीच गत. एका पिढीचं टायपिंग अशा कुलपांत पडून आहे.

दुसरा प्रश्न लिपीचा, आणि तो ॲपची जाहिरात करणाऱ्या व्हिडिओंत कुणी विचारत नाही. ॲपमध्ये लिहिणं सोपं असतं; लिहिलेलं शोधून सापडतं का, ही खरी परीक्षा. मी 'तऱ्हा' शब्दावर एक नोंद केली होती. अरबी 'तरह'पासून आलेला हा शब्द मराठीत किती रुळलाय! महिन्याभराने शोधला तर ॲप म्हणे, असं काही नाही. नोंद डोळ्यांसमोर होती. कारण नंतर कळलं. 'ऱ्ह'मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका कीबोर्डने एका प्रकारे लिहिला, दुसऱ्याने दुसऱ्या. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. उर्दूत हाच घोळ 'काफ' आणि 'ये' या अक्षरांचा. अरबी कीबोर्डवरचा काफ वेगळा, उर्दूवरचा वेगळा. शब्दाच्या मध्यावर आले की दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हापासून मी दोन्ही भाषांसाठी एकेकच कीबोर्ड ठेवलाय आणि तोच वापरते.

शिवाय दिशा. बऱ्याच ठिकाणी ओळीचं पहिलं अक्षर कुठल्या लिपीचं, त्यावरून ओळ उजवीकडून चालणार की डावीकडून ते ठरतं. एकाच ओळीत उर्दू शब्द, मराठी अर्थ आणि कंसात आकडा टाकला की कंस भलतीकडे उडी मारतो. मी आता उर्दू एका ओळीवर आणि मराठी खालच्या ओळीवर लिहिते. अनेक अँड्रॉईड फोनांवर उर्दू नस्तालीकऐवजी नस्ख वळणात दिसते, ते डोळ्याला खुपतं. पण मजकूर तोच असतो, म्हणून चालवून घेते.

व्हॉट्सॲपवरच्या एकट्याच्या ग्रुपला मी हसत नाही. इतक्या लोकांनी ही युक्ती केली की 2022 मध्ये व्हॉट्सॲपनेच स्वतःला संदेश पाठवायची सोय दिली. दुधाचा हिशेब, उद्याचा मीटिंगचा निरोप यांना ते उत्तम. पण तीन वर्षांनी तिथे काही शोधायला जाल तर 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखालून उकरावं लागेल.

एक गोष्ट मात्र मी कुठल्याच ॲपमध्ये लिहीत नाही. कुठल्या मुलीचं लग्न ठरवायचं चाललंय, कुणाचा बाप दारू पितो, कोण उपाशी येतं. वर्गशिक्षिकेला हे सगळं कळतं आणि लक्षात ठेवावंही लागतं. पण तो त्या लेकराचा राज आहे, आणि मी तो दुसऱ्याच्या संगणकावर ठेवायला कोण? माझा फोन माझा मुलगा हाताळतो, दुकानदार दुरुस्त करतो. या नोंदी कागदावर, कुलपात. वर्ष संपलं की फाडून टाकते.

सध्या माझं असं चालतं: घाईचं आणि बाजाराचं कीपमध्ये. शब्द जॉप्लिनमध्ये, आणि महिन्यातून एकदा त्यांची फाईल पेनड्राइव्हवर. तुम्हाला दुसरं काही सोयीचं वाटलं तर खुशाल वापरा. फक्त आधी दहा खोट्या नोंदी करून पाहा. एक 'तऱ्हा' लिहा, एक उर्दू ओळ लिहा, चांदोलीकडे रेंज गेल्यावर उघडून पाहा, मग सगळ्या बाहेर काढा आणि दुसऱ्याच फोनवर वाचता येतात का ते बघा. अर्धा तास जाईल. गणिताच्या सरांना मी हेच सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, ही तर घटक चाचणी झाली."

हरवलेल्या शब्दांपैकी चाळीसेक मला आठवून लिहिता आले. बाकीच्यांसाठी कराडची खाला आहे. अम्मीपेक्षा ती दोन वर्षांनी लहान, आणि बोलते तिच्याहून जास्त. येत्या रविवारी जाणार आहे. फोन नेईनच, पण वहीसुद्धा घेतलीय, दोनशे पानी.