नाटक करणारे गाव

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या घटनेच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो. नटराजाचे पूजन होते, नारळ वाढविला जातो, ज्येष्ठ कलावंतांचे सत्कार होतात आणि थोर परंपरेवर भाषणे झडतात. या उपचारांना आमची हरकत नाही. परंतु सर्वांचे डोळे मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांकडे लागलेले असताना आम्ही गोमंतकीय वाचकांचे लक्ष नर्मदेपलीकडे, माळव्यातील इंदूर शहराकडे वेधू इच्छितो. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहून मराठी नाटक करणे म्हणजे काय, हे जसे गोव्याला ठाऊक आहे तसेच ते इंदुरालाही ठाऊक आहे.

गोवा आणि इंदूर यांचा नाट्यसंबंध ओढूनताणून जोडण्याची गरज नाही. मंगेशीचे मास्टर दीनानाथ यांनी १९१८ साली सहकाऱ्यांसह ‘बळवंत संगीत मंडळी’ स्थापन केली. त्यांच्या ज्येष्ठ कन्येचा, लता मंगेशकर यांचा, जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी झाला तो इंदुरात. घरात तिचे नाव आधी हेमा होते. पुढे ‘भावबंधन’ नाटकातील लतिका या भूमिकेवरून ते लता झाले. मुळे गोव्याच्या मातीत, जन्म माळव्यात आणि नाव गडकऱ्यांच्या नाटकातले! नाटकमंडळींच्या फिरत्या संसाराने त्या काळी मराठी माणसाचा भूगोल किती विस्तारला होता, याचे याहून बोलके उदाहरण आम्हाला सुचत नाही.

इंदुरात मराठी नाटक रुजले ते होळकरांच्या छायेत. मराठी राज्यकर्ते, मराठी कारभारी वर्ग आणि गाण्या-बजावण्याचा शौक असल्यामुळे दौऱ्यावरील मंडळ्यांना तेथे आदर आणि आश्रय दोन्ही मिळत. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ साली मध्य प्रदेश अस्तित्वात आला. राजाश्रय संपला, राज्यकारभाराची भाषा हिंदी झाली. तरी मराठी तेथून उठून गेली नाही. १९१७ आणि १९३५ साली संस्थानी अमदानीत ज्या शहराने मराठी साहित्य संमेलने भरविली, त्याच शहरात २००१ साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा संमेलन भरले. राजा गेला तरी रसिक राहिला. पण केवळ रसिक राहिल्याने रंगभूमी राहत नाही. नाटक करणारे हातही राहावे लागतात. आमच्या आजच्या विवेचनाचा मुद्दा नेमका हा आहे.

असे हात इंदुराला लाभले होते. बाबा डिके यांच्या नेतृत्वाखालील ‘नाट्यभारती’ने त्या शहरात हौशी मराठी रंगभूमीची ज्योत दीर्घकाळ तेवत ठेवली. डिके यांचा मित्रपरिवार पाहिला तर मन थक्क होते. ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक राहुल बारपुते हे त्यांतले एक. नाटकाशी त्यांचा निकटचा संबंध होता. दुसरे चित्रकार विष्णू चिंचाळकर. वाळकी पाने, झाडाच्या साली, फेकून दिलेले लाकूड यांतून रूप शोधणारा हा कलावंत अवघ्या शहराचा ‘गुरुजी’ होता. आणि प्रकृतीच्या कारणाने १९४८ साली जवळच्या देवासला येऊन तेथेच कायमचे स्थिरावलेले कुमार गंधर्व हेही याच मैत्रीतले. अशा चित्रकाराचा सहवास ज्यांना लाभतो, त्यांना नेपथ्य म्हणजे भाड्याने आणलेले पडदे असे वाटणे शक्य नाही. अशा गायकाच्या शेजारी वावरणाऱ्यांना पार्श्वसंगीत म्हणजे दोन प्रवेशांमधली पोकळी भरण्याचे साधन वाटणार नाही. गावातला चित्रकार, गावातला गवई, गावातला संपादक आणि गावातला नट एका बैठकीत बसतात तेव्हाच त्या गावाचे स्वतःचे नाटक जन्माला येते.

नाटक हा एकट्याचा उद्योग नव्हे, हे वाक्य आपण नित्य ऐकतो आणि नित्य विसरतो. जाहिरातीत नाव असते दोघा-तिघांचे. पण प्रयोग उभा राहतो तो प्रकाशयोजनाकार, नेपथ्यकार, रंगभूषा करणारा, ड्रेपरी सांभाळणारा, विंगेत वही घेऊन उभा असलेला प्रॉम्प्टर, पडदा ओढणारा आणि नोकरी आटोपून रोज तालमीचे दार उघडणारा यांच्या बळावर. व्यावसायिक मंडळींत या माणसांना निदान ‘नाइट’ मिळते. हौशी संस्थेत त्यांना मिळतो तो समारोपाच्या वेळचा घाईघाईचा नमस्कार! महाराष्ट्र शासनाच्या हौशी मराठी नाट्यस्पर्धेचे एक मोठे पुण्य आम्ही मानतो ते हे, की तिने अभिनयाच्या रौप्यपदकांबरोबर दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य आणि रंगभूषा यांनाही स्वतंत्र पारितोषिके दिली आणि पडद्यामागच्या माणसाचे नाव निकालपत्रात छापून आणले. या स्पर्धेची प्राथमिक फेरी गोव्यात होत आली, तशीच ती इंदुरातही होत आली आहे.

संस्था मोठी की संच मोठा, या प्रश्नाचे उत्तर पुण्याने एकदा देऊन ठेवले आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे हे दोघेही पेशाने डॉक्टर. संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्ये कृष्णदेव मुळगुंद यांची. त्या प्रयोगात पडद्याचे काम माणसांच्या रांगेनेच केले होते. ज्यांना स्वतंत्र भूमिका नव्हती असे गाणारे-नाचणारे नटच त्या नाटकाची भिंत बनले. पुढे मातृसंस्थेने प्रयोग थांबविले तेव्हा संच फुटला नाही. त्या मंडळींनी बाहेर पडून १९७३ साली ‘थिएटर अकादमी’ स्थापन केली आणि तेच नाटक १९८० साली युरोपपर्यंत नेले. रांगेतील एकेक माणूस त्या दिवशी घरी जाऊन बसता, तर नाटककार आणि दिग्दर्शक एकत्र राहूनही ते नाटक वाचते ना.

आता आजच्या इंदुराकडे वळू. तेथील ‘सानंद’ या संस्थेने सभासदांच्या बळावर जे साधले आहे त्याचा हेवा महाराष्ट्रातील अनेक शहरांनी करावा. सभासदांचे पाच गट, आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नाटकाचे या पाच गटांसाठी लागोपाठ पाच प्रयोग, अशी तिची घडी बसलेली आहे. ट्रकभर नेपथ्य आणि बसभर माणसे घेऊन मुंबईहून सुमारे ६०० किलोमीटर दूर जाणाऱ्या निर्मात्याला भरलेल्या नाट्यगृहाची हमी असणे, ही लहान गोष्ट नव्हे. आम्ही या कार्याचे मनापासून अभिनंदन करतो. पाचांपैकी एका गटाला रामूभैया दाते या थोर रसिकाचे नाव आहे, तर दुसऱ्याला राहुल बारपुते यांचे. ही कृतज्ञता उचितच आहे. तथापि ज्याने नाटक करणाऱ्यांच्या बैठकीत आयुष्य रमविले, त्याच्या नावाच्या गटाने केवळ प्रेक्षक राहून चालेल काय, असा प्रश्न आमच्या मनात येतो.

प्रश्न टीकेसाठी नाही, काळजीपोटी आहे. बाहेरून येणारे नाटक उत्तम असते, नटाचा चेहरा पडद्यावर पाहिलेला असतो, खुर्ची राखून ठेवलेली असते. त्याच्याशी तुलना होताच शेजारच्या गल्लीतल्या बँक कर्मचाऱ्याने तीन महिने घाम गाळून बसविलेला प्रयोग फिका वाटू लागतो. मग तरुण कलावंत एक तर नाटक सोडतो किंवा गाव सोडतो. इंदूरचेच स्वानंद किरकिरे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, मुंबईत गीतकार म्हणून नावारूपाला आले आणि २०१८ सालच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘चुंबक’ या मराठी चित्रपटातील भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्याचा मान मिळवून गेले. याचा इंदुराला अभिमान वाटावा हे योग्यच. पण असा एक नट जातो तेव्हा त्याचे नाव होते. त्याच्यामागचा प्रकाशवाला निवृत्त होतो तेव्हा त्याची जागा कोण घेतो?

हाच प्रश्न आम्हाला आमच्या अंगणात विचारावयाचा आहे. कार्तिक उजाडला की गोव्यात जत्रांचे दिवस येतात. देवळासमोरच्या मांडवात गावकऱ्यांनीच भूमिका कराव्यात, गावच्याच पेटीवाल्याने साथ धरावी, न्हाव्यापासून मास्तरापर्यंत साऱ्यांनी एका रात्रीपुरते राजे व्हावे, ही आमची रीत. मुंबईत राहूनही गोमंतकीयांनी ती सोडली नाही. १९१९ साली स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनच्या कला विभागाने ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’ आणि १९७० साली ‘नटसम्राट’ यांसारखी नाटके मराठीला दिली. आणि हे सारे कोणा मालकाच्या तिजोरीसाठी नव्हे, तर एका समाजकार्य करणाऱ्या संस्थेच्या वतीने. त्या परंपरेचे वारस असलेली गावे आज ठराविक रकमेची सुपारी देऊन बाहेरचे नाटक आणवू लागली, तर जत्रेला करमणूक लाभेल; गावाचे नाटक मात्र सरेल. तालीम नाही, म्हणजे तीन महिने एकत्र येणे नाही. एकत्र येणे नाही, म्हणजे नव्या पोराने जुन्या नटाकडून उच्चार शिकणे नाही. मराठी जेथे घराबाहेर सहज ऐकू येत नाही अशा इंदुरासारख्या शहरात तर तालीम हीच भाषेची शाळा असते.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. वर्गणीवर चालणाऱ्या प्रत्येक नाट्यसंस्थेने, मग ती इंदूरची असो वा गोव्याची, वर्षातील निदान एक प्रयोग स्थानिक संचासाठी राखून ठेवावा आणि तो भीक म्हणून नव्हे, तर इतरांसारखेच मानधन देऊन करावा. शासकीय नाट्यगृहांनी प्रयोगाइतकीच तालमीचीही गरज ओळखून हौशी संस्थांना परवडेल अशा दरात एखादी खोली द्यावी; आमच्या रवींद्र भवनांना हे अवघड नाही. प्रत्येक प्रयोगाची संपूर्ण नामावली, पडदा ओढणाऱ्यापर्यंत, छापली जावी आणि संहिता, छायाचित्रे व हस्तपत्रके यांच्यासह जपून ठेवली जावी. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत पहिला येणारा संच इंदुराला जावा आणि इंदूरच्या संचाने फोंड्याच्या वा मडगावच्या रंगमंचावर उभे राहावे. सीमेबाहेरच्या दोन मराठी गावांनी एकमेकांचे नाटक पाहण्यासाठी मुंबईच्या मध्यस्थीची वाट का पाहावी?

रंगभूमी दिनी नटराजापुढे नारळ अवश्य फोडावा. परंतु तो फोडण्याचा मान या वर्षी मुख्य नटाला न देता, गेली कित्येक वर्षे ज्याचे नाव नामावलीत सर्वांत शेवटी येत आहे, अथवा येतच नाही, त्याला द्यावा. त्याला शोधताना आपल्या गावात नाटक करणारे किती हात उरले आहेत, याचीही गणती आपोआप होईल. ती गणती आजच करणे शहाणपणाचे ठरेल.