विश्लेषण : बद्धकोष्ठतेवर ‘भाज्या खा, पाणी प्या’ एवढाच सल्ला पुरेसा का नाही?

पोट साफ होत नाही, अशी तक्रार केली की घरात आणि दवाखान्यात बहुधा एकच उत्तर मिळते : पालेभाज्या वाढवा, पाणी भरपूर प्या, रोज चाला. ब्रिटनमधील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे ब्रिटिश डाएटेटिक असोसिएशनने, ऑक्टोबर २०२५ मध्ये जुनाट बद्धकोष्ठतेसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनी या सल्ल्याच्या पहिल्याच भागावर प्रश्नचिन्ह लावले. ज्या मोजक्या उपायांना या तत्त्वांनी पाठिंबा दिला, त्यांपैकी इसबगोल तर भारतातच पिकते आणि इथल्या अनेक घरांत असतेही. तरीही अनेकांची तक्रार वर्षानुवर्षे का टिकते, याचे उत्तर उपायांइतकेच ते वापरण्याच्या पद्धतीत आणि निदानात आहे.

नव्या मार्गदर्शक तत्त्वांत काय आहे?

किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधक डॉ. इरिनी डिमिडी यांच्या नेतृत्वाखालील तज्ज्ञगटाने ७५हून अधिक वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेऊन ५९ शिफारशी केल्या. इसबगोलसारखी तंतुमय पूरके, मॅग्नेशियम ऑक्साइड, किवी फळ, राय या धान्याचा ब्रेड, खनिजांचे प्रमाण जास्त असलेले पाणी आणि काही विशिष्ट प्रोबायोटिक यांचा उपयोग होऊ शकतो, असे त्यात म्हटले आहे. ‘तंतुमय आहार वाढवा’ हा सरसकट सल्ला आणि सोनामुखीची पूरके यांच्या बाजूने मात्र खात्रीशीर पुरावा मिळाला नाही.

या शिफारशींचे वेगळेपण म्हणजे त्यांत प्रमाण आणि मुदत दिली आहे. किवी रोज दोन ते तीन, तीही किमान चार आठवडे. इसबगोलसारखे पूरक रोज १० ग्रॅमपेक्षा जास्त, तेही किमान चार आठवडे. राय ब्रेडचा परिणाम दिसायला दिवसाला सहा ते आठ काप खावे लागतात, जे युरोपातही सगळ्यांना जमणारे नाही. महाराष्ट्रातील सर्वसाधारण घराला रोज दोन-तीन किवीही परवडणे कठीण. या यादीतून इथल्या वाचकाच्या हाती खऱ्या अर्थाने लागते ते इसबगोल. उपलब्ध चाचण्यांपैकी बहुतेकांचा दर्जा फारसा चांगला नाही, हेही तज्ज्ञगटाने मान्य केले आहे.

मग तंतुमय आहार निरुपयोगी आहे का?

नाही. ज्वारी-बाजरी, डाळी, भाज्या, फळे यांतील तंतू हृदयासाठी, रक्तातील साखरेसाठी आणि आतड्याच्या एकूण आरोग्यासाठी हिताचे आहेत. मुद्दा मर्यादित आहे. ज्यांना महिनोन्‌महिने बद्धकोष्ठता आहे, त्यांना नुसते ‘तंतू वाढवा’ सांगून ती बरी होते का, याच्या चांगल्या चाचण्या फारच कमी आहेत.

तंतूंचे प्रकारही वेगवेगळे असतात. इसबगोलाच्या भुशातील तंतू पाणी शोषून फुगतात, त्यांचा बुळबुळीत लगदा होतो आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू तो फारसा पचवू शकत नाहीत. त्यामुळे तो शेवटपर्यंत पाणी धरून ठेवतो आणि मल मऊ राहतो. इतर अनेक तंतू जिवाणूंचे खाद्य बनतात. त्यातून वायू तयार होतो आणि आधीच पोट फुगलेल्या रुग्णाचा त्रास वाढतो.

पाण्याबाबतही असाच गैरसमज आहे. ज्याच्या शरीरात पाणी कमी पडते, त्याला ते वाढवून फायदा होतो. पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी चार पेले प्यायल्यास ते मूत्रावाटे बाहेर जाते, मलापर्यंत पोहोचत नाही.

इसबगोल घेऊनही फरक का पडत नाही?

इसबगोलाच्या उत्पादनात आणि निर्यातीत भारत जगात पहिला आहे. गुजरात आणि राजस्थान ही त्याच्या लागवडीची प्रमुख राज्ये, तर मेहसाणा जिल्ह्यातील उंझा ही सर्वांत मोठी बाजारपेठ. यातला मोठा वाटा अमेरिकेला जातो. इथे मात्र पोट अडले की रात्री एक छोटा चमचा, दोन दिवस घेऊन ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद, असा वापर सर्रास दिसतो. छोट्या चमच्यात भुसा जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास भरतो. चाचण्यांत उपयोगी ठरलेले प्रमाण त्याच्या पाचपट आहे, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, दिवसभरात विभागून. सुरुवात कमी प्रमाणाने करून ते आठवड्या-दोन आठवड्यांत वाढवावे, म्हणजे पोट फुगत नाही.

प्रत्येक वेळी सोबत पेलाभर पाणी आवश्यक असते. कोरडा भुसा किंवा अपुरे पाणी घेतल्यास तो घशात, अन्ननलिकेत अडकू शकतो. गिळायला त्रास होणाऱ्यांनी आणि आतड्यात अडथळा असलेल्यांनी तो घेऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवलेले बरे. मॅग्नेशियमच्या गोळ्या मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण अशा रुग्णांच्या रक्तात मॅग्नेशियम साठून धोका निर्माण होतो.

बद्धकोष्ठता नेमकी कशाला म्हणायचे?

रोज सकाळी शौचास झालेच पाहिजे, असा वैद्यकीय नियम नाही. पाश्चात्य देशांत दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा ही मर्यादा सामान्य मानली जाते. भारतीय पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये मांडलेल्या एकमताने मात्र इथला फरक लक्षात आणून दिला. भारतात बहुतेकांना रोज किमान एकदा शौचास होते, त्यामुळे ‘आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा’ हा निकष लावला तर अनेक त्रस्त रुग्ण निदानातून निसटतात.

म्हणूनच केवळ दिवस मोजण्यापेक्षा लक्षणे महत्त्वाची. फार कुंथावे लागणे, मल कडक, खड्यांसारखा असणे, पोट पूर्ण साफ न झाल्याची भावना, गुदद्वाराशी अडल्यासारखे वाटणे, बोटाची मदत घ्यावी लागणे, यांपैकी दोन किंवा अधिक लक्षणे काही महिने टिकली तर ती जुनाट बद्धकोष्ठता ठरते. रोज शौचास होऊनही ती असू शकते.

सर्वांना एकच उपाय का चालत नाही?

लहान आतड्यातून दररोज एक ते दीड लिटर पातळ अन्नरस मोठ्या आतड्यात येतो आणि त्यातले बहुतेक पाणी तिथे शोषले जाते. आतड्याची हालचाल मंद असेल तर मल जास्त काळ रेंगाळतो, जास्त पाणी शोषले जाते आणि तो कडक होतो. काहींच्या बाबतीत आतड्याची गती ठीक असते, पण अडचण शेवटच्या टप्प्यात असते. शौचाच्या वेळी गुदद्वाराभोवतीचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडायला हवेत. या रुग्णांत ते उलट आवळले जातात. दार बंद ठेवून आतून ढकलावे, तसा हा प्रकार.

अशा रुग्णाला कितीही भाज्या, कितीही चूर्ण दिले तरी उपयोग मर्यादित राहतो. त्याच्यासाठी ‘बायोफीडबॅक’ हे प्रशिक्षण उपयोगी ठरते. गुदाशयातील दाब पडद्यावर पाहत रुग्ण स्नायू सैल सोडायला शिकतो. शस्त्रक्रिया किंवा औषध न लागणारी ही पद्धत बहुसंख्य रुग्णांना आराम देते. पण ती मोजक्या शहरी केंद्रांतच मिळते आणि तिचे नावही अनेक रुग्णांपर्यंत पोहोचत नाही.

बसण्याच्या पद्धतीचाही यात वाटा आहे. उकिडवे बसल्यावर गुदाशयाचा कोन सरळ होतो आणि मल सुटायला सोपा जातो. गुडघेदुखीमुळे कमोडकडे वळलेल्या ज्येष्ठांनी पायाखाली पाट किंवा छोटे स्टूल ठेवून किंचित पुढे झुकल्यास बरीच मदत होते.

चूर्णे आणि रेचकांचे काय?

रात्री घेऊन सकाळी ‘मोकळे’ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी, म्हणजेच सनाय, असते. तिच्यातील घटक आतड्याला चेतवून हालचाल वाढवतात. ब्रिटिश तत्त्वांना तिच्या बाजूने पुरेसा पुरावा दिसला नाही. अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये मात्र तिची सशर्त शिफारस केली होती. म्हणजे ती निरुपयोगी सिद्ध झालेली नाही. तिच्या दीर्घकाळ वापराबद्दलची माहिती तोकडी आहे. कधीमधी घेतलेल्या चूर्णाने बिघडत नाही. वर्षानुवर्षे रोज घेणे, प्रमाण वाढवत नेणे आणि डब्यावरील घटकही न वाचणे, ही काळजीची बाब आहे. मूळ कारण मागे राहते आणि पोटात मुरडा, जुलाब, क्षारांचे असंतुलन असे त्रास जडू शकतात.

त्याच अमेरिकी शिफारशींत पॉलिइथिलिन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या पावडरीला ठाम पाठिंबा आहे. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि दीर्घकाळ वापरण्यासही तुलनेने सुरक्षित मानली जाते.

स्वच्छतागृहाचा याच्याशी संबंध काय?

कोणतीही मार्गदर्शक तत्त्वे गृहीत धरतात, की शौचाची भावना झाली की रुग्णाला शौचालयात जाता येते. जेवण-न्याहारीनंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून सकाळच्या खाण्यानंतरचा अर्धा तास सर्वांत अनुकूल असतो. नेमक्या त्याच वेळी मुले शाळेच्या गाडीत आणि मोठी माणसे लोकलमध्ये असतात. ही भावना वारंवार दाबली की गुदाशयाला ताणाची सवय होते आणि संवेदनाच बोथट होते. वेग रोखू नयेत, यासाठी चरकसंहितेत स्वतंत्र अध्याय आहे.

शाळेतील शौचालय अस्वच्छ, कडी नसलेले असेल तर मुले घरी पोहोचेपर्यंत रोखून धरतात. मल कडक होतो, शौचाला दुखते, दुखते म्हणून मूल पुन्हा रोखते. लहान मुलांतील जुनाट बद्धकोष्ठतेत हे चक्र नेहमी आढळते. स्त्रियांचे दुखणे याहून जुने. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने सार्वजनिक ठिकाणी महिलांना मोफत, स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात ही मागणी लावून धरली. बाहेर सोय नाही म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या वाहक, विक्रेत्या, पोलीस महिलांना ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला पाळता येत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

मलातून रक्त जाणे, कारणाशिवाय वजन घटणे, रक्तक्षय, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काहीही असल्यास चूर्णावर वेळ न घालवता तपासणी करावी. पोट फुगून उलट्या होणे आणि वायूही न सरणे ही तातडीची स्थिती आहे. मूळव्याध समजून अंगावर काढलेल्या रक्तस्रावामागे कर्करोग असू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी न्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, अफूवर्गीय वेदनाशामके, खोकल्याची कोडीनयुक्त औषधे, काही नैराश्यरोधके व रक्तदाबाच्या काही गोळ्या यांमुळे बद्धकोष्ठता होते. थायरॉइडची कमतरता, मधुमेह, पार्किन्सन यांतही ती दिसते. अनेकदा गोळी बदलल्यावरच तक्रार संपते.

इसबगोल योग्य प्रमाणात चार आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर आणखी एखादे चूर्ण शोधण्याऐवजी आपली बद्धकोष्ठता कोणत्या प्रकारची आहे, हे डॉक्टरांना विचारावे. पुढचा उपचार त्या उत्तरावर ठरतो.