एक वस्तू, एक पुस्तक

संग्रहालय म्हणजे थोरामोठ्यांनी मुकाट्याने हिंडण्याची जागा आणि ग्रंथालय म्हणजे अक्षरओळख झालेल्यांचे घर, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला तेथे नेऊन काय उपयोग? ते कंटाळेल, रडेल आणि पाहिलेले सारे चार दिवसांत विसरून जाईल, असे घरातील जाणती माणसे म्हणतात. हे म्हणणे वरवर पाहता खरे वाटते. परंतु माझे मत निराळे आहे. लहान मूल संग्रहालयात रमत नाही, याला त्याचे वय कारण नसून आपली घाई कारण आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपण संग्रहालयात कसे वागतो ते आठवून पाहा. सारे काही पाहून झालेच पाहिजे, म्हणून आपण एका दालनातून दुसऱ्या दालनात धावतो. आणि काय पाहिले असे कोणी विचारले, तर ‘पुष्कळ पाहिले’ याखेरीज उत्तर सुचत नाही. लहान मुलाची रीत याच्या उलट असते. वाटेत मुंग्यांची रांग दिसली, की ते तेथेच बसकण मारते आणि मन भरेपर्यंत हलत नाही. एका गोष्टीकडे टक लावून पाहण्याचा जो गुण शास्त्रज्ञाला आणि चित्रकाराला अभ्यासाने जोपासावा लागतो, तो या वयात मुलाजवळ आपसूक असतो.

म्हणून धाकट्या भावंडाला एका खेपेस एकच वस्तू नीट दाखवावी. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील मुलांना हे अवघड नाही. घरच्या वडील माणसांबरोबर हार्बर मार्गाच्या गाडीने कुर्ल्यास यावे आणि तेथून मध्य रेल्वेच्या गाडीने भायखळ्यास उतरावे. राणीच्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतील हे सर्वांत जुने संग्रहालय सध्याच्या इमारतीत १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्या बाहेर एक प्रचंड दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. परंतु उचलताना तो कोसळला आणि भंगला. पुढे १९१४ साली त्याचे तुकडे पुन्हा सांधण्यात आले.

तीन वर्षांच्या बहिणीला पोर्तुगीज कोण, हे सांगण्याची गरज नाही. ‘हत्ती पडला, तुटला, मग माणसांनी तो जोडला,’ एवढी कथा तिला पुरे आहे. पाय मोजावेत, कान शोधावेत, सांध्यांच्या खुणा दिसतात का ते पाहावे. ती कंटाळली, तर बागेतील झाडाखाली बसावे आणि परत फिरावे. तिच्या रडण्याने इतरांना त्रास होऊ नये, हेही आपणच पाहिले पाहिजे.

आता एक अडचण उरते. मूल डोळ्यांइतकेच हातांनीही पाहते. आणि संग्रहालयात वस्तूंना हात लावण्यास मनाई असते. ती योग्यच आहे, कारण हजारो हातांच्या घामाने जुन्या वस्तू हळूहळू खराब होतात. मग हाताची भूक भागावी कशी? येथेच पुस्तक मदतीला येते. त्याच आठवड्यात ग्रंथालयातून हत्तीच्या चित्रांचे पुस्तक शोधून आणावे, ते आपल्या मांडीवर ठेवावे आणि पान धाकटीलाच उलटू द्यावे. एखादे पान फाटलेच, तर हत्ती जोडणाऱ्यांप्रमाणे आपणही ते काळजीने सांधावे. मात्र पुस्तक ग्रंथालयाचे असेल, तर ग्रंथपालांना सांगूनच.

कधी पुस्तक आधी आणि संग्रहालय नंतर, असेही करता येते. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ ज्याला आवडले, त्याला पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयातील जुने दिवे, भांडी आणि अडकित्ते पाहताना घरचीच आठवण होईल. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून या वस्तू जमवल्या आणि बालपणीच वारलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयास दिले.

मूल हे सारे विसरून जाईल, हा आक्षेप अजून उरलाच. विसरेल, हे खरे आहे. परंतु आपण पहिले पाऊल कोणत्या दिवशी टाकले, हे आपल्यापैकी कोणाला आठवते? तरीही आपण चालतोच. पाहिलेली वस्तू विसरली, तरी पाहण्याची सवय अंगी मुरते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. संग्रहालये आणि सार्वजनिक ग्रंथालये ही सर्वांची ठेव आहे. लहानपणी ज्याला दटावून दाराबाहेर ठेवले, त्याला मोठेपणी ते दार आपले वाटत नाही. आणि जे आपले वाटत नाही, ते कोणी जपतही नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे मुलांसाठी स्वतंत्र बालसंग्रहालय उघडण्यास २०१९ साल उजाडावे लागले. संस्थांनी दार उघडले, तरी त्या दारापर्यंत चिमुकल्याला घेऊन कोणी गेले पाहिजे. घरातील वडीलधारी माणसे कामात गुंतलेली असतात. बालपण मागे टाकून तुम्हाला मात्र फार वर्षे झालेली नाहीत. धाकट्याला काय आवडते, हे तुम्हाला लवकर उमगते. तेव्हा येत्या सुट्टीत तुम्हीच घरी विषय काढा. जाताना धाकट्याचे बोट धरा आणि ते जेथे थांबेल, तेथे तुम्हीही थांबा.