कुरमुरे आणि दगड

ज्याला शास्त्र शिकण्याची संधी मिळाली नाही, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. माझे भांडण आहे ते अर्धवट शास्त्र सांगून लोकांना भेडसावणाऱ्यांशी. ‘मोबाइलच्या टॉवरमधून किरणोत्सर्ग होतो’ हे वाक्य आज सुशिक्षितांच्या घरोघर ऐकू येते. त्यात विज्ञान तर नाहीच, पण धड मराठीही नाही. युरेनियमसारख्या मूलद्रव्यांचे अणुगर्भ आपोआप ढासळतात, तो किरणोत्सर्ग. टॉवरमधून निघतात त्या रेडिओच्या जातीच्या लहरी. त्यांच्यासाठी ‘प्रारण’ हा साधा शब्द आपल्याकडे आहे. पण ‘प्रारण’ म्हटल्याने कोणी घाबरत नाही, आणि कोणी घाबरल्याशिवाय मोबाइलवर चिकटवायचे ‘संरक्षक’ स्टिकर खपत नाहीत!

खरा प्रश्न एकच विचारायचा असतो: लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते? १९०० साली बर्लिनमध्ये माक्स प्लांक यांनी मांडले, की ऊर्जेची देवघेव सुट्या पुड्यांत होते आणि पुडी केवढी हे कंपनसंख्येवर ठरते. कंपने दुप्पट, तर पुडी दुप्पट. १९०५ साली आइन्स्टाइन पुढे गेले: प्रकाश स्वतःच अशा पुड्यांचा बनलेला आहे. अमेरिकेतल्या मिलिकन यांना हे मुळीच पटेना. त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि १९१६ साली त्यांच्याच मोजमापांनी आइन्स्टाइनचे सूत्र बिनचूक ठरवले. न पटणाऱ्या गोष्टीशी असे भांडावे!

याचा अर्थ असा. झाडावरची कैरी पाडायला दगड लागतो. दिवसभर मूठ मूठ कुरमुरे फेकले, तरी कैरी हलत नाही. मोबाइलच्या लहरी सेकंदाला दोन-एक अब्ज कंपने घेतात, तर आपल्या दारातल्या पणतीचा पिवळा उजेड सुमारे पाच लाख अब्ज. म्हणजे पणतीची एक पुडी मोबाइलच्या पुडीहून अडीच लाख पट मोठी! पणतीला कोणी भीत नाही. अतिनील किरणांची पुडी आणखी मोठी. शरीरातल्या रेणूंची जोडणी विस्कटणारे दगड तिथून सुरू होतात.

कुरमुऱ्यांच्या ढिगाखालीही माणूस गुदमरेल, हे मला मान्य आहे. प्रखर रेडिओलहरी शरीर तापवतात. म्हणून तर त्यांच्या तीव्रतेला कायद्याने मर्यादा घातलेली असते. ती पाळली जाते की नाही, हे जरूर तपासावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटले, हेही मी लपवत नाही. पण त्याच संस्थेने सूर्यकिरणांना १९९२ साली आणि वेल्डिंगच्या अतिनील किरणांना २०१७ साली ‘निश्चित कर्करोगकारक’ म्हटले, हे स्टिकरवाले का लपवतात?

आणि आपण तरी काय पाहतो? एका गृहसंस्थेत टॉवरविरुद्ध सह्या गोळा होत होत्या. त्याच सकाळी फाटकाला ग्रिल बसत होते, आणि सतरा-अठरा वर्षांचा पोरगा उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग करीत होता. रात्री त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होणार, डोळे गळत राहणार. सह्या करणारे त्याच्या शेजारून गेले. काळी काच कुठे आहे, असे एकानेही विचारले नाही. सही न करणारा मीच तेवढा आहे, असे समजून माझ्याकडे मात्र सर्वांनी रोखून पाहिले!

मला निष्काळजीपणा शिकवायचा नाही. काळजी करावी, पण मोजून करावी. आपल्याजवळ भीतीचा साठा मर्यादित असतो. तो कुरमुऱ्यांवर उधळला, तर दगडांसाठी काही उरत नाही. या दिवाळीत दाराचे, जिन्याचे काम काढले असेल, तर कारागिराला आधी काळी काच द्या आणि मगच काम सुरू करा. एका स्टिकरच्या मोलाने एक डोळा वाचत असेल, तर हिशेब कोणता खरा?