किल्ली हातात देण्यापूर्वी

संपादक मंडळाने यंदाही माझ्याकडे बालकांच्या लसीकरणावर लेख मागितला होता. हा लेख मी थोड्याफार फरकाने अनेक वर्षे लिहीत आलो आहे आणि आपण सर्वांनी तो मोठ्या सौजन्याने न वाचता पुढचे पान उलटले आहे, असा माझा कयास आहे. म्हणून यंदा विषय बदलण्याची परवानगी मागून घेतली. विषय ऐकून मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी भुवया उंचावल्या. डॉक्टरांच्या स्मरणिकेत जुनी मोटार विकण्याचे काय काम? परंतु आपल्या सभासदांच्या घरांपुढे आज उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या, तर हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही हे ध्यानात येईल. पूर्वी आपल्यात कुणी गाडी विकली तर ती फियाट किंवा मारुती असे, आणि ती चालवून पाहण्यात धोका असलाच तर गाडी मध्येच बंद पडण्याचा असे. आता तसे राहिलेले नाही.

२०१७ साली मी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली. वयाला न शोभणारी खरेदी, असे घरचे मत होते आणि ते चुकीचे नव्हते. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि शून्यापासून शंभरचा वेग सात सेकंदांच्या आत. बाहेरून मात्र ती साधी कुटुंबवत्सल गाडी दिसे. हे तिचे सौंदर्य आणि हाच तिचा धोका. गेल्या हिवाळ्यात पाठीच्या मणक्यांनी तक्रार केली, मुलगा परदेशी स्थिरावला आणि गाडी विकण्याचे ठरले. गाडीच्या किमतीपेक्षा मला तिच्या ट्रायलने अधिक शिकविले, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला ग्राहक पंचविशीच्या आतला तरुण होता. वागायला नम्र, सोबत दोन मित्र. मी त्याच्या शेजारी बसलो, मित्र मागे. सुपर कॉरिडॉरवर येताच तो म्हणाला, "सर, एक बार दबा के देख लूँ?" मी संकोचाने "हो" म्हणालो. या संकोचाविषयी पुढे बोलणार आहे. त्याने पाय खाली दाबला, त्यानंतरचे काही क्षण मला नीट आठवत नाहीत. आठवतो तो दुभाजकाच्या फटीतून सायकल ढकलीत येणारा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. तरुणाने ब्रेक मारला, गाडीने आपली इज्जत राखली, मुलगा सायकलसह जागीच थबकला आणि आमच्याकडे पाहून चक्क हसला. काहीही झाले नाही. परत आल्यावर मी त्या तरुणाकडे वाहन परवाना मागितला. त्याच्याकडे शिकाऊ परवाना होता.

मी एम.डी. झाल्यापासून तीस वर्षे आई-वडिलांना विचारीत आलो आहे : आधी कोणते औषध दिले, कशाची ॲलर्जी आहे, वजन किती? अडीच किलोच्या बाळाला औषधाचा एक थेंब देताना मी दोनदा हिशेब करतो. आणि जवळपास दीड टनाची, २३० अश्वशक्तीची वस्तू एका अपरिचिताच्या हाती देताना मी एक साधा कागद पाहिला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे येथे कबूल करतो.

माझे मत स्पष्टच सांगतो. अशी गाडी खासगीरीत्या विकणाऱ्याने ट्रायल नाकारू नये. जो माणूस पंधरा-वीस लाख मोजणार, त्याला वस्तू तपासण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि जो मालक "फक्त बसून पाहा" म्हणतो, त्याच्याविषयी संशय घेणेच योग्य. परंतु ट्रायलचे नियम मालकाने ठरवावेत, आणि ते गाडी सुरू होण्यापूर्वी, घरासमोर उभे असतानाच, तोंडावर सांगावेत. ताशी शंभर किलोमीटर वेगात नियम सांगता येत नाहीत. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे अठ्ठावीस मीटर जाते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर बेचाळीस मीटर अंतर आधीच संपलेले असते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे आपण सर्वांनी इंटर सायन्सला शिकलो आहोत आणि अपघात विभागात प्रत्यक्ष पाहिलेही आहे.

गंमत अशी की गाडीची खरी तपासणी वेगात होतच नाही. आमच्या गाडीतील सहा गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स बिघडू लागला, तर त्याची लक्षणे राजवाड्याच्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना दिसतात. तेथे गाडी थरथरते, अडखळते. सस्पेन्शनचे दुखणे गतिरोधकावर ऐकू येते. टर्बोचे आरोग्य पाहायचे तर मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, मर्यादित वेगात थोडा जोर देणे पुरे. इंजिन थंड असताना सुरू करून पाहणे हे तर नाडीपरीक्षेइतके महत्त्वाचे. ग्राहक येण्याआधी मालकाने इंजिन गरम करून ठेवले असेल, तर ग्राहकाने दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे. जागेवरून भन्नाट सुटण्याने एवढेच कळते की चालविणारा तरुण आहे. पेनिसिलिनची टेस्ट देताना आपण पूर्ण डोस टोचत नाही. ट्रायलही तशीच असावी.

कायद्याची बाजू मी त्या प्रसंगानंतर एका वकील मित्राकडून समजावून घेतली, आणि ती आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५ अन्वये परवाना नसलेल्या व्यक्तीला गाडी चालवू न देण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती मोडली तर कलम १८० प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. नुकसानभरपाईचा विचार केला तर अधिक धडकी भरते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात घालून दिलेल्या तत्त्वानुसार, मालकाने अटींचा भंग केल्याचे सिद्ध झाल्यास विमा कंपनी अपघातग्रस्ताला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. आणि आपल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत, आपण कधीच न वाचलेल्या पानावर, वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. संघटित शर्यतीबरोबरच तेथे 'स्पीड टेस्टिंग' हे दोन शब्दही वगळलेल्या वापरांत आहेत. "एक बार दबा के देख लूँ" याला विमा कंपनीचा वकील कोणते नाव देईल, याचा विचार मी त्या संध्याकाळी प्रथम केला.

हे सारे कळल्यावर मी काही रीती पाळू लागलो. भेट घरी न ठेवता दवाखान्यात, दिवसाउजेडी. परवाना आधी मागायचा, तो पक्का आहे ना हे मोबाइलवरील सरकारी ॲपमध्ये पाहायचे आणि त्याचे छायाचित्र घ्यायचे. गाडीत तो, मी आणि फार तर आणखी एक माणूस, मित्रमंडळाची बारात नाही. पहिली फेरी मी चालवायची, रस्ता मी ठरवायचा, स्पोर्ट मोड बंद. जागांची अदलाबदल करताना इंजिन बंद करून किल्ली खिशात घेऊनच खाली उतरायचे. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत इंजिन एकदा चालू झाले की किल्ली बाहेर गेली तरी ते चालूच राहते. आपण गाडीला वळसा घालून दुसऱ्या दारापाशी पोहोचेपर्यंत गाडी राऊच्या पुढे गेलेली असू शकते. गाडीतील जुने कागद, लेटरहेड आणि घराच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या काढून ठेवाव्यात. ब्लूटूथवर जोडलेल्या फोनमधून गाडीच्या पडद्यावर उतरलेली नावे पुसावीत. त्यांत आपल्या रुग्णांच्या आई-वडिलांचे क्रमांक असतात, आणि ते विक्रीत समाविष्ट नाहीत.

एक जोडपे आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आले. ट्रायलला निघताना आई मुलीला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. समोर एअरबॅग! मी म्हणालो, मुलगी आमच्या रिसेप्शनच्या ताईंजवळ बसून चित्रे रंगवील, तोपर्यंत आपण फिरून येऊ. वडिलांना राग आला. "डॉक्टर साहब, पाँच मिनट की बात है." ते गाडी न घेताच गेले. घेतली असती असे मला वाटतही नाही.

आता त्या संकोचाविषयी. अपरिचिताला परवाना मागणे सोपे आहे, कठीण आहे ते ओळखीच्याला मागणे. आपला मराठी समाज या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो, एकमेकांच्या मुंजी-लग्नांत वाढतो, आणि येथे "नाही" म्हणणे हा जवळजवळ गुन्हा समजला जातो. जानेवारीत माझ्या महाविद्यालयीन मित्राचा फोन आला. तोही डॉक्टर, आपल्याच संस्थेचा सभासद. "अरे, गाडी विकतोयस म्हणे. चिरंजीव रविवारी येतील, जरा फिरवून बघतील. त्याला पसंत पडली तर मी घेतो." चिरंजीव सतरा वर्षांचे. जन्मानंतर चोविसाव्या तासाला त्याला मीच तपासले होते, म्हणजे त्याचे वय मला कागद न पाहता ठाऊक होते. मी म्हणालो, "तू ये आणि तू चालव. तो शेजारी बसेल." मित्र हसला. "अरे, तो आमची एसयूव्ही हायवेवर चालवतो. तुझ्यापेक्षा बरी चालवतो." शक्य आहे, खरेही असेल. मी पुन्हा नाही म्हणालो. मग तो एकच वाक्य बोलला, "तुझा माझ्या मुलावर विश्वास नाही, असं म्हण ना," आणि फोन ठेवला.

त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे पुणे होते. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. दोघेही आपल्या मध्य प्रदेशातले, चोवीस वर्षांचे. गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असल्याचा गुन्हा पोलिसांनी नोंदविला. नंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून दोन डॉक्टरांनाही अटक झाली, तेव्हा आपल्या सभेत त्यावर किती तावातावाने चर्चा झाली हे आपल्याला आठवत असेल. त्या चर्चेत सर्वाधिक संतापाने बोलणाऱ्यांत माझा हा मित्र होता. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ सांगते की अल्पवयीनाकडून गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जाईल : तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, बारा महिने नोंदणी रद्द. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर. त्या मुलाचे वय मला माहीत नव्हते, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

काही सहकारी म्हणाले, एवढा मनस्ताप कशाला? गाडी डीलरला देऊन टाकायची. हा मार्ग वाईट नाही. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत डीलरकडे गाडी सोपविल्याची सूचना परिवहन कार्यालयाला दिली की तोच मानीव मालक ठरतो आणि पुढच्या ट्रायलींची जबाबदारी त्याच्यावर जाते. किंमत मात्र बरीच कमी मिळते. ज्यांना ग्राहकाशी कठोर बोलणे जमत नाही, त्यांनी ती कमी किंमत आनंदाने स्वीकारावी, असेच मी म्हणेन. मला मात्र ही गाडी तिची पारख असलेल्या माणसाच्या हाती जावी असे वाटत होते. याला हौस म्हणा किंवा अहंकार.

तसा माणूस फेब्रुवारीत उज्जैनहून आला. पंचेचाळिशीचा, एका कारखान्यात अभियंता. न मागता त्याने परवाना काढून टेबलावर ठेवला. इंजिनावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री केली. साठ हजार किलोमीटरला गिअरबॉक्सचे तेल बदलले का, हे विचारून त्याची पावती पाहिली. बाजारातून गाडी इतकी हळू नेली की मागचे रिक्षावाले खवळले. बायपासला त्याने एकदाच, मला विचारून, तिसऱ्या गिअरमध्ये थोडा जोर दिला, स्मितहास्य केले आणि वेग कमी केला. दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपमध्ये तपासून घेतली आणि सौदा पटला.

पैसे खात्यात जमा झाले तरी मी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन ते दाखल होईपर्यंत स्वस्थ बसलो नाही. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदवहीत ज्याचे नाव, तोच मालक, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो. नोंदणीवरचे माझे नाव उतरायला तीन आठवडे लागले. त्या काळात उज्जैन रस्त्यावरील अपघाताची प्रत्येक बातमी मी गाडीचा क्रमांक शोधीत वाचली.

मित्राशी मात्र अद्याप बोलणे झालेले नाही. होळीच्या कार्यक्रमात आम्ही दोघे एकाच रांगेत, चार खुर्च्यांच्या अंतरावर बसलो होतो. त्याचा मुलगा आला, वाकून नमस्कार केला आणि विचारले, "काका, गाडी गेली का?" मी म्हणालो, "गेली." तो म्हणाला, "छान होती." मग आपल्या बाबांच्या शेजारी जाऊन बसला.