औषधातली शिल्लक

आम्ही पडलो कारकून. पै-पैची शिल्लक जुळल्याशिवाय आमची वही मिटत नाही. औषधाचेही तसेच आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले कितीतरी पेशंट कॅन्सरच्या उपचाराला नागपूर-सेवाग्राम गाठतात. या रोगावर आता नॅनोकणांची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची, इंजेक्शनेही मिळतात. असे कण बनवताना पुष्कळदा डायक्लोरोमिथेनसारखे द्रावक वापरतात आणि नंतर ते उडवून लावतात. तरी थोडे कणांत अडकून राहते. त्याची ठरलेली मर्यादा दहा लाख भागांत 600 भाग. मोजण्याआधी कण पूर्ण विरघळवावे लागतात, नाहीतर शिल्लक कमी दिसते. मग बंद बाटली तापवून आतली वाफ गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात सोडतात. यंत्र द्रावकाचे नाव आणि प्रमाण दोन्ही सांगते.

तपासणी चुकली तर? 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये विषारी डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. 14 रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. ती शिल्लक नव्हती, भेसळ होती. पण मोजणी वेळेवर झाली असती तर ती माणसे वाचली असती. सरकारी दवाखान्याची पायरी चढतो तो गरीबच.

म्हणून औषधाचे पक्के बिल घ्या, बॅच नंबर जपून ठेवा. उद्या तक्रार करायची झाली तर तोच आपला पुरावा.