वारसाचा रकाना



संमतीपत्रावर एक रकाना आहे : वारसाचं नाव. त्याआधी वार्षिक उत्पन्न. त्याआधी धंदा : विद्यार्थी, स्वतःचा व्यवसाय, नोकरी, गृहिणी, इतर. रोजंदारीला नोकरी कसं म्हणायचं? 'इतर'वर खूण केली. वारसापाशी पेन अडलं.

गोदीत धुळीची बोट लागली की दुसऱ्या पाळीला माझी छाती शिट्टी मारते. रात्री भिंतीला पाठ लावून बसल्याबसल्या झोपतो. परवा इस्पितळात डॉक्टर म्हणाले, दम्याच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे, येणार का? औषध फुकट, तपासण्या फुकट, येण्याजाण्याचं भाडं मिळेल. टोळीत बोललो. एक म्हणाला, "उंदीर व्हायचंय का साल्या?" दुसरा म्हणाला, "फुकट मिळतंय तर घे की गुमान!"

मला दोघांचंही पटत नाही.

उंदीर म्हणणारा खोटं बोलत नाही. अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगीला १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी डॉक्टरांनी सुमारे ६०० काळ्या माणसांना नुसतं बघत ठेवलं. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त खराब आहे. पुढे पेनिसिलिन आलं, तेही दिलं नाही. माणसं मरत गेली, वह्या भरत गेल्या.

पण त्याच देशातली दुसरी गोष्ट दम्याचीच आहे. सॅल्मेटेरॉल नावाचं औषध बाजारात विकलं जात होतं. १९९६ साली त्याची मोठी चाचणी सुरू झाली. २६ हजारांवर दमेकरी. नेहमीच्या उपचारासोबत निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना नुसता पोकळ पंप. २००३ साली ती मध्येच थांबवली. दम्याने मेलेले, औषधवाल्यांत १३, पोकळ पंपवाल्यांत ३. त्यांतले काळे, ७ आणि १. रोज स्टेरॉइडचा पंप घेणारे काळ्यांत गोऱ्यांपेक्षा कमी होते, हेही त्याच आकड्यांत दिसलं. आज दम्यात सॅल्मेटेरॉल एकटं देत नाहीत, सोबत स्टेरॉइड लागतंच. काळे रुग्ण त्या चाचणीत नसते, तर त्यांचं मरण कुणाच्या हिशेबात आलं असतं?

म्हणजे दार लावून बसणं हे उत्तर नव्हे. आपल्या छात्या मोजल्याच गेल्या नाहीत, तर औषध दुसऱ्याच्या छातीच्या मापाने बेतलं जाईल. मोजून घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून.

आपल्याकडे २०१९चे चाचणीचे नियम आहेत. आपल्याला कळेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते. संमतीपत्राची प्रत आपल्या हातात द्यावी लागते. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यापायी नेहमीचे उपचार तोडता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, शिवाय भरपाई. मेलो तर ८ लाख पाया धरून वय आणि जोखीम यांचा गुणाकार करतात. वय जितकं कमी, तितकी रक्कम मोठी. मी विशीतला, म्हणजे महागात पडेन!

फुकट म्हणणाऱ्या दोस्ता, फुकट काहीच नाही. आपण श्वास देतोय. तेव्हा उद्या मी कागदावर प्रश्न लिहून नेणार आहे. माझा रोजचा पंप काढून घेणार का? रात्री दोनला धाप लागली तर फोन कुणाला करायचा? पाळी बुडाली तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार? औषध लागू पडलं आणि चाचणी संपली, तर पुढे ते मिळणार, की परत भिंतीला पाठ?

उत्तरं कागदावर मिळाली तर सही करीन. "तुला काय कळतंय?" असं म्हणाले तर उठून येईन.

तुमच्यापैकी कुणापुढे असा कागद आला तर तिथल्या तिथे सही करू नका. घरी आणा, मोठ्याने वाचा. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा.

वारसाच्या रकान्यात आईचं नाव लिहिलंय. तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पैशाचं ऱ्हाऊ दे. रात्री धाप लागल्यावर कुणाला उठवायचं, ते आधी विचारून ये."

सहीची जागा अजून कोरी आहे.